छोटे खडे घासताना बोटं कशी वाचवायची

रत्नाचा खडा फिरत्या चाकावर घासायचा असतो, आणि खडा लहान झाला की बोट त्या चाकाजवळ जातं. सगळी अडचण तिथून सुरू होते. चाळीस मिलिमीटरचा अगेट (अकीक) मुठीत धरून घासला तरी बोटं चाकापासून लांब राहतात. तोच खडा दहा मिलिमीटरचा असेल, तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मिळून त्याची जवळपास सगळी कड झाकून टाकतात. घासायला उरलेली जागा बोटाच्या टोकापासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर असते. सहा इंची चाक मिनिटाला १७५० फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं बोटाजवळून जातो. आठ इंची चाकावर हाच वेग ताशी ६७ किलोमीटरच्या घरात जातो.

यात फसवं असं की बोट लागलं तरी लगेच कळत नाही. हिऱ्याच्या कणांचं ओलं चाक करवतीसारखं चावत नाही, ते एकेक पापुद्रा काढत जातं. गार पाण्यानं बोटांची टोकं आधीच बधिर झालेली असतात आणि लक्ष खड्याच्या घुमटावर, म्हणजे वरच्या गोलसर भागावर असतं. संध्याकाळी साबणानं हात धुताना झोंबायला लागलं, किंवा फोन बोटाचा ठसा ओळखेनासा झाला, की मग समजतं सालपट गेलंय. नखाचं तर त्याहून वाईट. नखाला संवेदनाच नसते, त्यामुळे ते खालच्या मांसापर्यंत बिनबोभाट घासलं जातं.

कोणतं चाक काय करतं, हे माहीत असलं तर काळजी कुठे घ्यायची ते समजतं. ग्रिट म्हणजे चाकावरच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा, तो जितका मोठा तितके कण बारीक. ८० आणि २२० ग्रिटची चाकं कडक असतात. त्यांचा धोका नखांना, पेरांना आणि चाकाच्या बाहेरच्या कडेला लागणाऱ्या हाताला. २८०, ६०० आणि १२०० ची रेझिनची चाकं मऊ असतात, त्यांच्या पट्ट्याखाली फोमचा थर असतो. खडा दाबला की तो त्या मऊ पृष्ठभागात थोडा रुततो आणि चाकाचा आजूबाजूचा भाग वर उचलला जाऊन थेट बोटाला भिडतो. कडक चाकावर पुरेसं वाटणारं दोन मिलिमीटरचं अंतर मऊ चाकावर संपून जातं. म्हणून नवशिक्यांची बोटं २२० पेक्षा ६०० वर जास्त सोलवटतात, आणि तरीही ‘मऊ चाक आहे, काय होतंय’ असं म्हणत लोक तिथेच ढिले पडतात. ३००० च्या पुढे सालपट निघण्याचा प्रश्न मागे पडतो आणि धग सुरू होते.

हातमोजे मात्र अजिबात नकोत. सुती, चामडी, कापरोधक, कोणतेही नकोत. फिरत्या चाकात कापडाचा धागा अडकला की तो बोटासकट हात आत ओढतो. कापरोधक मोजा यात सर्वांत घातक, कारण त्याचे तंतू सहजी तुटत नाहीत. अंगठ्या, कडी, मनगटावरचा दोरा आणि घड्याळ काढून ठेवा, बाह्या कोपरापर्यंत वर करा, केस बांधा. नखं एक मिलिमीटरपेक्षा जास्त वाढलेली नसावीत.

खडा काडीवर लावा

बोटाला काय गुंडाळायचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न बोट आणि चाक यांच्यात अंतर कसं ठेवायचं हा, आणि त्याचं उत्तर म्हणजे काडी. खडा काडीच्या टोकावर लाखेनं किंवा डॉप मेणानं (खडे चिकटवायचं कडक मेण) चिकटवला की बोटं चाकापासून आठ-दहा सेंटिमीटर लांब जातात. वीस मिलिमीटरच्या आतला कोणताही खडा काडीशिवाय घासू नये. काडीला वेळ जातो ही तक्रार खरी आहे, पण एकदा सरावल्यावर दहा खडे लावायला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि घुमटही जास्त सारखा येतो.

काडी लाकडाची, १० ते १२ सेंटिमीटर लांब. जाडी खड्याच्या आखूड बाजूच्या सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे १०×८ मिलिमीटरच्या अंडाकृती खड्याला ५ ते ६ मिलिमीटरची काडी. काडी खड्याएवढीच जाड घेतली तर कंगोरा, म्हणजे खड्याची कड घासताना चाक लाकडाला लागतं. फार बारीक घेतली तर मान मोडते. पाच-सहा मिलिमीटरच्या खड्यांना चपट्या डोक्याचा खिळा चांगला, त्याहून लहानांना पितळी सळी किंवा तुटलेल्या ड्रिल बिटचा दांडा.

आता एक खडा नीट लावून पाहू. खड्याची पाठ २२० वर सपाट घासलेली हवी. गुळगुळीत पाठीवर मेण धरत नाही. पाठ स्पिरिटनं पुसून कोरडी करा, त्यानंतर तिला बोट लावू नका, बोटाचं तेलही पकड घालवतं. पत्र्याच्या झाकणावर खडा पाठ वर करून ठेवा आणि झाकण मंद आचेवर. गार खडा एकदम तापल्या पत्र्यावर टाकायचा नाही, तडकेल. तीन-चार मिनिटांनी मेणाचा नखाएवढा किस पाठीवर ठेवून बघा. तो वितळून पसरला तर खडा तयार आहे. तसाच बसून राहिला तर अजून थांबा. ही चाचणी टाळू नका, बहुतेक खडे सुटतात ते इथेच केलेल्या घाईमुळे.

काडीचं टोक वितळलेल्या मेणात बुडवून अर्ध्या वाटाण्याएवढं मेण उचला, खड्याच्या मध्यावर सरळ दाबा आणि खडा झाकणावरून उचला. आता बोटं पाण्यात बुडवून ओली करा आणि मऊ मेण काडीकडून खड्याच्या पाठीकडे पसरत आणा, म्हणजे छोटा शंकू तयार होतो. बोटं ओली असली तर मेण चिकटत नाही आणि चटकाही बसत नाही. कोरड्या बोटांनी मात्र मेणाला हात लावू नका. मेण पाठीच्या कडेपर्यंत यावं, पण खड्याच्या बाजूवर चढू नये. चढलं तर चाकाला मेण लागतं, चाक बुजतं, मग माणूस जास्त दाब देतो आणि हात घसरतो. खडा काडीवर सरळ बसलाय का, हे काडी बोटांत गोल फिरवून बघा. लटपटत असेल तर मेण मऊ असतानाच दुरुस्त करा.

दहा मिनिटं नुसतं निवू द्या. लवकर व्हावं म्हणून पाण्यात बुडवलं तर मेण आकसून आतून सुटतं, आणि नाजूक खडा असेल तर तोही तडकतो. गार झाल्यावर अंगठ्यानं खडा आडवा ढकला, बऱ्यापैकी जोर लावून. सुटायचा असेल तर इथेच सुटू दे, चाकावर नको.

खडा सुटला तर तुटलेली जागा वाचा. मेण खड्यापासून स्वच्छ, चकचकीत सुटलं असेल तर खडा गार होता किंवा पाठ तेलकट होती. मेण मधोमध तुटून अर्धं खड्यावर राहिलं असेल तर मेणच ठिसूळ झालंय, बहुधा उकळी येईपर्यंत तापवल्यामुळे. असं मेण टाकून द्या, पुन्हा वितळवून ते सुधारत नाही.

ओपलसारख्या खड्याला धगही सोसत नाही आणि गारठाही. त्याला सुपरग्लूचा एक थेंब पुरतो, पण काडीचं टोक सपाट आणि कोरडं हवं. नंतर झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये काही तास, कधी रात्रभर ठेवला की खडा सुटतो. दोन थर चिकटवून केलेला खडा ॲसिटोनमध्ये टाकू नका, त्याचाही गोंद सुटेल. अंबर आणि रेझिन भरलेला फिरोजा यांनाही ॲसिटोन चालत नाही, त्यांना मेणच बरं. ॲसिटोन पेट घेतं. मेण वितळवायची शेगडी चालू असताना त्याची बरणी त्या टेबलावर असूच नये.

मेणावरचा खडा काढताना पुष्कळ बोटं कापली जातात. लोक चाकूचं पातं मेणात घालून जोर करतात, मेण कडक असतं, पातं सटकतं आणि खडा धरलेल्या अंगठ्यात शिरतं. धक्का सोसणारा अगेट किंवा जॅस्पर असेल तर काडी फ्रीझरमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मेण आकसलं की खडा पिळून हातानंच निघतो. नाहीच निघाला तर पुन्हा गरम करून सोडवा. उरलेलं मेण स्पिरिटमध्ये भिजवून पुसा.

बारीक काडी तासभर धरली की बोटांत गोळे येतात, आणि दमलेला हात चाकाकडे झुकतो. काडीवर पेन्सिलची रबरी पकड चढवा किंवा चिकटपट्टी गुंडाळून ती १० ते १२ मिलिमीटर जाड करा.

हात कुठे असावा

समोरून पाहिलं तर चाक वरून खाली, तुमच्या दिशेनं येतं. खडा चाकाच्या मध्यउंचीवर किंवा तिच्या किंचित खाली टेकवा, म्हणजे निसटला तर तो खाली ट्रेमध्ये जातो. वरच्या बाजूला टेकवलात तर तो तोंडावर येऊ शकतो. हाताची मनगटं किंवा कोपरं ट्रेच्या काठावर, टेबलावर टेकलेली हवीत. अधांतरी हाताला हिसका बसला की तो कुठेही जातो, टेकलेला हात दोन-चार मिलिमीटरच हलतो. खड्याच्या खालच्या बाजूला बोट ठेवू नका. चाक खाली ओढतं, आणि चाक आणि ट्रे यांच्या फटीत बोट सापडलं तर ते लगेच निघत नाही.

एका ओळीत सहा चाकं असलेल्या यंत्रावर आणखी एक भानगड असते. लक्ष तिसऱ्या चाकावर आणि करंगळी चौथ्यावर. करंगळीचं पेर अर्धा तास घासलं जातं आणि पत्ताही लागत नाही. चाकाच्या मधल्या भागात काम करा, उरलेली दोन बोटं आत मिटून ठेवा, आणि शेजारच्या चाकाकडे हाताची पाठ जात असेल तर दुसऱ्या हातानं धरा.

खडा उडाला तर त्याच्यामागे हात घालू नका. हे वाचायला सोपं आहे, पण हात आपोआप जातो, कारण खड्यात तासाभराची मेहनत असते. उपाय आधीच करून ठेवा. ट्रेच्या तळाशी प्लॅस्टिकची जाळी किंवा पातळ स्पंज असा बसवा की तो हलणार नाही आणि चाकापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली राहील. खडा त्यावर पडला तर फुटत नाही, मग हातालाही घाई राहत नाही. तिथे फडकं मात्र अंथरू नका, ते चाकात जातं. यंत्र बंद करा, चाक पूर्ण थांबू द्या, मग खडा उचला.

सगळ्यात आधी खड्याच्या धारा मोडा. करवतीवरून आलेल्या अगेटची कड काचेइतकी धारदार असते, आणि ती बोटाला चाकाच्या आधी कापते. २२० वर कडेनं सगळीकडून ४५ अंशात अर्धा ते एक मिलिमीटरचा उतार काढा. याने बोट वाचतं आणि पुढे कडेचे टवकेही उडत नाहीत. हे काम काडी लावण्याआधीच, खडा मोठा असतानाच उरकायचं.

काडी लावताच येत नाही तेव्हा

पाठ सपाट करताना, कडा मोडताना किंवा वेडावाकडा तुकडा जोखताना खडा हातातच धरावा लागतो. तेव्हा स्वतःलाच चिकटणारी, जाळीदार कापडाची बोटांची पट्टी वापरा. ती कातडीला चिकटत नाही, पाण्यातही सुटत नाही, आणि चाकाला लागली तर फाटून मोकळी होते. मोज्यात आणि तिच्यात महत्त्वाचा फरक तोच.

दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी, बोटामागे साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर. हात कोरडे हवेत. आधी एक छोटा तुकडा बोटाच्या पोटावरून टोकावर आणि तिथून नखावर असा उभा आणा, म्हणजे टोक झाकलं जाईल. मग टोकाकडून पहिल्या सांध्याकडे गोल गुंडाळत या, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवत. दोन थर पुरे. तिसऱ्या थरानंतर खडा किती तापलाय तेच कळेनासं होतं, आणि घासताना बोट हाच आपला तापमापक असतो. सांधा मोकळा सोडा. शेवटचं टोक नखाच्या बाजूला आणून दाबून बसवा, बोटाच्या पोटावर ठेवलं तर खडा ते उचकटतो. नंतर नख दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं नाही तर पट्टी घट्ट झालीय, सोडून परत गुंडाळा.

अंगठा आणि तर्जनी नेहमी गुंडाळा, मधलं बोट धरण्याच्या पद्धतीनुसार. पट्टीचा रंग विरळ झाला, खालची कातडी दिसू लागली, किंवा पट्टी फुगून सैल झाली की बदला. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पट्टीच्या जाळीत ८० आणि २२० वरचा गाळ भरून राहतो. तीच पट्टी घेऊन १२०० वर गेलात तर एखादा जाड कण सुटून खड्यावर ओरखडा पाडतो, आणि मग दोष चाकाला दिला जातो. ६०० च्या आधी जुनी पट्टी काढा, हात आणि नखांच्या फटी ब्रशनं धुवा, नवी गुंडाळा.

रबरी बोटमोजे आम्हाला पटत नाहीत. ते सहज फाटतात हे खरं, पण आत पाणी शिरून कातडी भिजत राहते आणि ओल्या खड्यावरून रबर घसरतं. लहान तुकडा धरायला त्यापेक्षा लाकडी रिंग क्लॅम्प घ्या. जबड्यांना चामडं लावलेलं असतं, मागून पाचर ठोकली की तो घट्ट धरतो, आणि पाठ सपाट करायला याहून सोपं साधन नाही.

आडवी चकती, करवत आणि ड्रिल

आडव्या फिरणाऱ्या चकतीवर कडेला वेग जास्त, मध्याजवळ कमी. लहान खडा मध्याकडच्या भागात घासा. खडा असा धरा की चकती बोटांकडून खड्याकडे, म्हणजे तुमच्यापासून लांब सरकत असेल. उलट्या दिशेनं धरलात तर कड रुतते आणि खडा बोटांत उलटतो. पातळ धातूच्या चकतीची बाहेरची कड पात्यासारखी असते, यंत्र बंद असतानाही तिनं पेरं कापली जातात.

हिऱ्याच्या करवतीचं पातं गुळगुळीत कडेचं असतं, त्याला ओझरता स्पर्श झाला तर बहुधा काही होत नाही. असं दाखवणारी मंडळी भेटतात. पण दाब पडला की तेच पातं कातडीतून जातं, आणि तुकडा कापत संपतो त्या क्षणी हाताचा सगळा दाब पुढे सरकलेला असतो. बोटं पात्याच्या रेषेत ठेवू नका, ती दोन्ही बाजूंना हवीत. शेवटचा एक सेंटिमीटर लाकडाच्या ठोकळ्यानं ढकला. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान तुकडा आधी लाकडावर चिकटवून मग कापा.

मण्याला भोक पाडताना मणी बोटांत धरायचा नाही. बिट खालून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो आणि खाली बोट असेल तर बिट त्यात जातं. मणी लाकडी फळीवर मेणात किंवा प्लॅस्टिसिनमध्ये (खेळायच्या मऊ मातीत) बसवा, पसरट भांड्यात ठेवा आणि त्यावर दोन-तीन मिलिमीटर पाणी राहील एवढं भरा. एक मिलिमीटरचा हिऱ्याचा बिट असेल तर एक-दोन सेकंद टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा, म्हणजे गाळ निघतो. अर्ध्यावर आल्यावर मणी उलटून दुसऱ्या बाजूनं पाडा. पाण्याजवळ वीज आहे, तेव्हा प्लग आरसीसीबी (वीज गळली की ती लगेच तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवरच लावा.

पॉलिश, धग आणि कातडी

सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची पूड लावून चामड्यावर पॉलिश करताना पाणी कमी असतं आणि घर्षण जास्त, म्हणून खडा भराभर तापतो. काडीवरचा खडा पाच-सहा सेकंदांनी ओठाखाली किंवा हाताच्या पाठीला लावून बघा. धरवत नसेल इतका गरम असेल तर मेणही मऊ व्हायला लागलेलं असतं. मेण साधारण ७० ते ८० अंशांना वितळतं, पण पकड त्याच्या बरीच आधी सुटते. खडा काडीवर किंचित सरकल्यासारखा वाटला तर तो गार झाल्याशिवाय चाकाला लावू नका. तसाच रेटलात तर पुढच्या फेऱ्याला तो उडतो.

पाण्यात भिजून पांढरी पडलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर फाटते. वीस-तीस मिनिटांनी थांबा, हात पुसा, पट्ट्या काढून बोटांना वारा लागू द्या. टाकीत कोमट पाणी घातलं तर बोटं बधिर होत नाहीत, मग लागलेलं लगेच कळतं. मलम किंवा क्रीम काम संपल्यावर लावा. आधी लावलं तर खडा निसटतो आणि मेण धरत नाही.

सालपट निघालं तर यंत्र बंद करून वाहत्या पाण्याखाली साबणानं पाच मिनिटं धुवा, म्हणजे कातडीत रुतलेले कण निघतील. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येमध्ये उघडून बघू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनला बरीच वर्षं झाली असतील किंवा जखम खोल असेल तर डॉक्टरांना दाखवा. मेणाचा चटका बसला तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, आणि चिकटलेलं मेण ओढून काढू नका, कातडीही सोबत येते. बोटं सुपरग्लूनं चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू गोल फिरवत सोडवा. सुपरग्लू कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर तो कापूस लगेच टाका. दोघांची प्रक्रिया होऊन तो चटका बसेल इतका तापतो, म्हणून बोटावरचा ताजा ग्लू कापसानं पुसू नका.

जखम ओली असेपर्यंत चाकाच्या गढूळ पाण्यात हात घालू नका, वर पट्टी गुंडाळूनही नाही. तेवढे दिवस ॲल्युमिनियमच्या तारेनं खड्यांवर आकार आखून ठेवता येतात, काड्या कापून ठेवता येतात.